एक्केचाळीस सलाम

उमरग्याच्या ख्रिस्ती मंडळीत कोंडिबा मास्तरांइतकं चांगलं अक्षर कुणाचंच नव्हतं, आणि ही गोष्ट मास्तरांनाही ठाऊक होती. मिशनच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी पोरांच्या पाट्या तपासल्या. शाळेतून निवृत्त झाले, पण तपासायचं काही सुटलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की ते देवळाबाहेरच्या लिंबाखाली बसत, खिशातून लाल पेन्सिल काढत आणि 'मंडळीची खबर' हे दोन पानांचं पत्रक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. चुका असल्या की गोल करत. मग उठून देवळाला लागून असलेल्या खोलीत जात आणि ते लाल झालेलं पत्रक महानंदाच्या टेबलावर ठेवत.

"वेलांट्या बघ," एवढंच म्हणत.

"व्हय मास्तर," महानंदा म्हणे.

महानंदा मंडळीच्या कचेरीत कामाला होती. वय चाळिशीच्या आसपास, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पत्रक लिहिणारी तीच, सायक्लोस्टाईल यंत्राचं हँडल फिरवून छापणारी तीच, घड्या घालून पत्ते टाकणारीही तीच. देवळाच्या फळ्यावर खडूनं सूचना लिहायची, ठरलेल्या लग्नांची जाहीर निवेदनं करायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहायची, हे सगळं वेगळंच. तिसरीला ती मास्तरांच्या वर्गात होती. तिचं अक्षर मास्तरांनीच वळवलेलं. म्हणून तिच्या चुका काढायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटे, आणि चुका काढणं ही आपली मायाच आहे असंही वाटे. चांगलं झालं असं मात्र त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. तसं ते कुणालाच म्हणत नसत. त्यांच्या तिन्ही मुलांनीही बापाच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नव्हता.

बाहत्तर साली पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन तिथंच वाळली. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले आणि गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी खडी फोडायला रस्त्यावर गेलं, कुणी तलावाच्या मातीकामावर, कुणी बैलं घेऊन चाऱ्याच्या छावणीला, कुणी सोलापूरला, कुणी थेट मुंबईला. मंडळीतली दीडशे घरं चाळीस गावांत पसरलेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागली.

त्या डिसेंबरात महानंदानं पत्रकाच्या शेवटच्या पानावरचं प्रवचन काढून टाकलं आणि तिथं 'कोण कुठं' असं नवीन सदर सुरू केलं. अमक्या गावचं अमकं घर सध्या अमक्या तलावावर आहे. तमक्याची सून बाळंत झाली, दोघं सुखरूप. दुष्काळी खाण्याची सुकडी अमक्या वारी मिळते, भांडं घरून न्यावं. मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही.

"प्रवचन काढलंस?" ते म्हणाले. "हे मंडळीचं पत्रक हाय का एष्टीचं टाईमटेबल?"

"पाळकसाहेबांना इचारलं होतं मास्तर."

"आन ही नावं कुणाची? ही तर आपल्या मंडळीतली पण न्हाईत."

"एकाच तलावावर काम करत्यात सगळे," महानंदा म्हणाली. "एकाची खबर आली की दुसऱ्याची बी येती. मग ती काय टाकून द्यायची?"

त्या अंकात मास्तरांनी एकवीस गोल केले.

फेब्रुवारीत पाळक शांतवन त्यांना म्हणाले, "मास्तर, तलावावर उपासना घ्यायला चाललोय. आपले बरेच लोक आहेत तिथं. येता का?" पाळक तरुण होते, सोलापूरकडून नुकतेच बदलून आलेले, जाणतं माणूस सोबत असलं की त्यांना बरं वाटे. मास्तर निघाले. एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून दीड कोस पायी.

कामाच्या सुट्टीचा दिवस होता. तलावाच्या अर्धवट भरावाखाली बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत माणसं जमली. गाणं झालं, प्रार्थना झाली. मग पाळकांनी झोळीतून पत्रकांचा गठ्ठा काढला, आणि मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं असं काहीतरी झालं. पालापालांतून माणसं पळत यायला लागली. उपासनेला पन्नासेक जण होते. आता दोनशे झाले. लिंगायत आले, मराठे आले, बौद्ध वाड्यातल्या बाया पोरं काखेला मारून आल्या. बंडप्पा नावाचा एक उंच माणूस खडीच्या ढिगावर चढला, पत्रक हातात घेतलं आणि पहिलं पान न बघताच मागचं पान वाचायला लागला. एकेक नाव तो मोठ्यानं वाची. कुठून तरी "आमचाच की त्यो!" असा आवाज येई. कुणी हसे, कुणी पदर तोंडाला लावी. वाचून झालं तर लोक म्हणाले, "परत वाच." त्यानं परत वाचलं.

मास्तर बघत उभे होते. इतक्यात एक सावळी, काटकुळी बाई त्यांच्यापाशी आली. तिचं नाव जाईबाई. दोन मुलींना घेऊन ती तलावावर मातीची पाटी उचलत होती. तिचा नवरा बैलं घेऊन छावणीला गेला होता आणि तीन महिने त्याचा काही पत्ता नव्हता.

"लोक म्हणायचे, बैलं इकून गेला त्यो, आता येत न्हाय," जाईबाई सांगत होती. "म्या पाळकसायबाजवळ निरोप धाडला. त्या बाईनं कुठं कुठं कार्डं टाकली ठावं न्हाय. पुढल्या म्हयन्यात हे आलं बघा."

तिनं पदराची गाठ सोडली. आत पत्रकाची एक पट्टी होती, घडी पडून पडून मऊ झालेली. मास्तरांनी चष्मा लावला. 'जाईबाईसाठी: तुझे मालक सोलापूरकडच्या छावणित आहेत. पायाला लागलं होतं म्हणून निरोप देता आला नाही. आता बरे आहेत. दोन्ही बैलं आहेत.'

मास्तरांना ती ओळ आठवली. ओळ नाही, त्यातला एक शब्द आठवला. 'छावणित'मधली वेलांटी ऱ्हस्व पडली होती आणि तिच्याभोवती त्यांनी लाल गोल केला होता. ही जाईबाई कोण, तिचा मालक कुठं होता, हे त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

"मास्तर, ही लिवनारी बाई कोन हाय?" जाईबाईनं विचारलं. "आमी कवा बघितली न्हाय तिला. तिला माजा सलाम सांगा."

"माजा बी सांगा," शेजारची म्हणाली.

"आमचा बी."

"अवो, नावं लिवून घ्या की, तुमी तर मास्तर हाव."

मास्तरांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत नावं लिहायला सुरुवात केली. कुणी नुसतं नाव सांगे, कुणी गावासकट, आणि एक म्हातारी तर आपलं नाव बरोबर लिहिलं का ते दोनदा विचारून गेली. चाळीस नावं झाली तेव्हा जागा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कचेरीत गेले. महानंदा स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहीत होती. टेबलासमोर पाच-सहा माणसं बसली होती, सगळी बोलत होती, आणि ती मान खाली घालूनच सगळ्यांना उत्तरं देत होती. मास्तरांना पाहून तिनं मान वर केली.

"काय मास्तर?"

मास्तरांचा हात खिशातल्या कागदावर होता. "महानंदा..." ते म्हणाले.

"बोला की."

"...गेल्या खेपंला 'आशीर्वाद'चा रफार चुकलाय. शी वर पडला. तो वा वर पायजे."

"व्हय मास्तर. छापल्यावर दिसला मला."

मास्तर घरी परत आले.

त्यांची बायको हरणाबाई जुन्या वळणाची, स्पष्ट बोलणारी. तलावावरचं सगळं मास्तरांनी तिला सांगितलं होतं; चार दिवस तिनं वाट पाहिली. पाचव्या दिवशी सदरा धुवायला घेताना तो कागद तिच्या हाताला लागला. "हे अजून इथंच?" ती म्हणाली. "चाळीस मानसांनी तुमच्याजवळ निरोप दिला आन तुमी त्यो खिशात घालून हिंडायलाव?"

"सांगतो की."

"कवा? तुमच्या जिभंला काय कुलूप हाय का? बत्तीस वर्सं पोरास्नी बोलायला शिकवलं म्हनं."

मास्तरांनी तो कागद घेऊन आपल्या पवित्र शास्त्रात ठेवला. सांगायचं होतं, पण सांगायचं कसं हेच त्यांना कळत नव्हतं. चूक सांगायला शब्द लागतात दोन. याला किती लागतात, कुणाला ठाऊक.

मार्चमध्ये मंडळीच्या पंचांची बैठक झाली; मास्तरही एक पंच होते. पाळक शांतवन म्हणाले, ईस्टरच्या उपासनेत महानंदाबाईंचा सत्कार करावा असं माझ्या मनात आहे. शाल द्यावी, चार शब्द बोलावेत. या वर्षात त्यांनी जे केलं ते तलावावर जाऊन मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक पंच म्हणाले, "पाळकसाहेब, यंत्राचं हँडल फिरवायला शाल? मग झाडलोट करणाऱ्यालाही द्या."

"त्यालाही द्या!" मास्तर एकदम मोठ्यानं म्हणाले. सगळे त्यांच्याकडं वळले. मास्तरांचे कान लाल झाले होते. "त्याला बी द्या, माझी हरकत न्हाय. पर हँडल म्हणू नका. मी तलावावर होतो. तिथं तुमचं-माझं नाव कुणाला ठावं न्हाय. खबर लिहिणारी बाई मात्र सगळ्यांना ठावं हाय, आन तिचं नावसुद्धा कुणाला म्हाईत न्हाय." बोलण्यात काहीतरी उलटसुलट झालंय असं त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बसले. पण सगळ्यांना समजलं होतं.

ठरलं असं, की तिला काय आवडेल ते आधी विचारावं, आणि ते मास्तरांनी विचारावं.

महानंदानं ऐकलं आणि ती हसली. "शाल घेऊन मी काय करू मास्तर? या उन्हात?" मग तिनं हातातली लेखणी खाली ठेवली. "खरं सांगू का?"

"सांग."

"सास्तूरला आई हाय माझी. नागूबाई. भावाकडं असती. गेल्या सालापासनं तिला दिसत न्हाय. मी गेले की बोटांनी तोंड चाचपती आन म्हणती, वाळलीस. मला एका दिवसाच्या वर राहता येत न्हाय. एक पत्रक झालं की दुसरं सुरू. मला पंधरा दिवस तिच्यापाशी राहायचंय. एक खेप पत्रक दुसऱ्या कुणी काढावं. पण बंद पडू नये. लोक वाट बघत्यात."

"मी काढतो," मास्तर म्हणाले.

महानंदा त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुम्ही?"

"का? माझं अक्षर तुला म्हाईत हाय."

"अक्षराचं न्हाय मास्तर," ती हळूच म्हणाली. त्याच दुपारी तिनं त्यांना टेबलाशी बसवलं आणि शिकवायला घेतलं. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. लेखणीनं त्यावर लिहिलं की मेण कापलं जातं आणि शाई तेवढ्यातून खाली उतरते. "दाबू नका. हलकं धरलं तर उमटत न्हाय, दाबलं तर फाटतं. आन ठ, व, ब लई जपून. गोल पुरा कापला की मधला तुकडा गळून पडतो. मग तिथं नुसता काळा ठिपका."

"समजलं," मास्तर म्हणाले.

"चुकलं तर हे लाल औषध लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आन वरनं परत लिहायचं."

"समजलं म्हणलं ना."

महानंदा सास्तूरच्या गाडीत बसली. मास्तर दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून कचेरीत गेले. दोन दिवसांत पत्रक उरकू असा त्यांचा हिशेब होता.

पण लिहायला वेळच मिळेना. सकाळी आठपासून माणसं येत. एकाचा भाऊ अमुक खडी केंद्रावर आहे, तिथलं काम बंद पडलंय, तो आता कुठं जाणार ते छापा. एकीला आपली मुलगी सासरी आहे की सासरच्यांबरोबर मुंबईला गेली तेच माहीत नव्हतं. सगळे आधी दुसरंच काहीतरी बोलत. पाण्याचं, पोटाचं, आजाराचं. खरी खबर शेवटी, उठता उठता सांगत. पहिल्या दिवशी मास्तर "मुद्द्याचं बोला" म्हणत राहिले आणि लोक मुद्द्याचं न बोलताच उठून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड मिटून नुसतं ऐकायला सुरुवात केली. मग कागद भरायला लागला.

चौथ्या दिवशी महालिंगप्पा आला. तो तलावावरचा मुकादम. डोक्याचा रुमाल काढून त्यानं बाकावर ठेवला. "मास्तर, तुळजाबाई गेली. कामावरच. पाटी ठेवून सावलीला बसली ती उठलीच न्हाय. मानसं हुती आमी, सगळं रीतसर केलं. तिचा ल्योक ज्ञानोबा मुंबईला गोदीत हाय."

मास्तरांनी मान हलवली, लेखणी उचलली आणि स्टेन्सिलवर 'कोण कुठं'खाली ओळ लिहिली. तुळजाबाई, तलावाच्या कामावर, देवाघरी गेल्या. महालिंगप्पा वाकून बघत होता. त्याला वाचता येत होतं.

"मास्तर, बाई असं लगेच छापत न्हाईत," तो म्हणाला.

"मग?"

"आधी कार्ड टाकत्यात. त्या खणात असतील बघा."

मास्तरांनी खण ओढला. आत पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, काही कोरी, काही उत्तरादाखल आलेली. एका उत्तरावर लिहिलं होतं: 'बाई, तुमचं कार्ड वाचलं. बापाची खबर अशी घरच्या माणसासारखी कळवलीत. आता पत्रकात छापायला हरकत नाही.' दुसऱ्यावर: 'भावाचं कळलं. आईला मी सांगितलं. आता छापा.' तशी कितीतरी. कुणाचं माणूस गेलं, तर चारचौघांत खडीच्या ढिगावरून त्याला ते ऐकू येऊ नये म्हणून ती आधी एकेकाला लिहीत होती, आणि उत्तर येईपर्यंत छापायचं थांबत होती. एवढ्या वर्षांत मास्तरांनी तिच्या पत्रकातलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. ते छापायच्या आधी ती काय लिहिते, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

त्यांनी लाल औषधाची बाटली उघडली, ती ओळ पुसली आणि फुंकर मारली. मग कोरं कार्ड घेतलं. 'चि. ज्ञानोबास,' अशी सुरुवात केली. पहिलं कार्ड त्यांनी फाडलं. फार कोरडं झालं होतं. दुसऱ्यात उपदेश आला. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं, 'तुझी आई गेली. ती एकटी नव्हती, महालिंगप्पा मुकादम आणि कामावरच्या बाया जवळ होत्या. तिचं सगळं नीट केलं.' आणखी काय लिहावं? त्यांनी महालिंगप्पाला विचारलं, "म्हातारी काही बोलली होती का लेकाबद्दल?"

महालिंगप्पानं आठवून पाहिलं. "बोलायची की. ल्योक गोदीत हाय, लई मोठी जहाजं बघतो, असं सगळ्यांस्नी सांगायची."

मास्तरांनी तेही लिहिलं. दुपार गेली त्यात. उठले तेव्हा पाठ दुखत होती आणि दिवसभरात पत्रकाची एक ओळसुद्धा झाली नव्हती.

त्या महिन्याचा अंक ईस्टरलाच निघायचा होता; ईस्टर जवळ आला तशी त्यांची धांदल उडाली. पहिलं स्टेन्सिल यंत्राच्या रुळावर बसवताना सुरकुतलं. दुसरं बसलं, हरणाबाईनं हँडल फिरवलं, कागद बाहेर आला. मास्तरांनी उचलून पाहिला. ज्या ठळक रेघांबद्दल त्यांना उभ्या तालुक्यात मान होता, त्याच रेघांनी सगळे गोल कापून टाकले होते. 'येशू उठला आहे' या ओळीत 'ठ'च्या जागी हरभऱ्याएवढा काळा डाग होता.

"येशू उ-डाग-ला आहे," हरणाबाई म्हणाली आणि हसत सुटली. तिच्या हातांना कोपरापासून खाली शाई लागली होती.

"हसू नको," मास्तर म्हणाले, आणि मग तेही हसले.

तिसरं स्टेन्सिल त्यांनी बोटात लेखणी नुसती टेकवून लिहिलं. अक्षर लहान मुलासारखं आलं, वाकडं, कुठं पुसट. पण वाचता येत होतं. पहिल्या पानावर पाळकांचा संदेश असतो. मास्तर पाळकांकडं गेले आणि म्हणाले, "या खेपंला पहिलं पान मला द्या." पाळकांनी कारण विचारलं. मास्तरांनी पवित्र शास्त्रातून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. पाळकांनी तो वाचला आणि आपला संदेश चार ओळींवर आणला.

मास्तरांनी लिहिलं: 'या पत्रकावर ते काढणाऱ्याचं नाव कधी नसतं. त्या बाईचं नाव महानंदा. अकरा वर्षं ती हे काम करते. तलावावरच्या पुढील लोकांनी तिला सलाम सांगितला आहे. हा निरोप पोचवायला उशीर झाला, तो माझा दोष.' खाली चाळीस नावं, एकाखाली एक. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांनी थोडा वेळ लेखणी हातात तशीच धरली. मग एक्केचाळिसावं नाव लिहिलं: कोंडिबा मास्तर.

छापून झालं, घड्या घातल्या, पुडकी बांधली. ओळखीच्या कंडक्टरांकडं गाडी-गाडीनं देऊन ते घरी आले आणि आडवे झाले.

महानंदा ईस्टरनंतरच्या बुधवारी परतली. मास्तर आधीच कचेरीत येऊन बसले होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. तिनं पिशवी ठेवली. चेहरा भरल्यासारखा दिसत होता.

"पत्रक मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"मिळालं. कंडक्टरनं सास्तूरला आणून दिलं." ती टेबलाशी बसली. "दुसऱ्या पानावर एका गावाचं नाव राह्यलंय. सुकडीचा वार चुकलाय, मंगळवार पायजे होता. आन वेलांट्या..."

"व्हय," मास्तर म्हणाले. "व्हय. म्हाईत हाय."

"आन पहिल्या पानावर एक चूक हाय."

"कुठली?"

"अकरा न्हाय मास्तर," महानंदा म्हणाली. "चौदा."

मास्तरांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी वर पाहिलं तर ती पदरानं डोळे पुसत होती, आणि हसतही होती.

"भाचीनं आईला ती नावं वाचून दाखवली," ती म्हणाली. "आईनं सगळी ऐकली. दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावली. मला म्हणाली, एवढ्या बाया तुला वळखत्यात व्हय? मी म्हणलं, न्हाय आई, मी त्यांना वळखते. त्यांचं कुणाचं तोंड म्या बघितलं न्हाय. मग म्हणाली, जाऊन बघ की एकदा."

"मग जाऊ की," मास्तर म्हणाले. "या सुट्टीला. मी येतो संगं." त्यांनी घसा खाकरला. समोरच्या शाईच्या डब्याकडं बघत ते म्हणाले, "महानंदा, तुझं पत्रक चांगलं निघतं."

"काय म्हणालात?"

"चांगलं निघतं म्हणलं."

खरं तर तिला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. मास्तरांनाही ते समजलं होतं.

मुंबईहून ज्ञानोबाचं कार्ड पुढच्या आठवड्यात आलं. त्यानं लिहिलं होतं, आई जहाजांचं सांगायची हे मला माहीत नव्हतं. कार्ड मी जपून ठेवलंय. आता छापा. महानंदानं तुळजाबाईची ओळ लिहिली आणि तिच्याखाली छोट्या अक्षरांत दुरुस्ती टाकली: 'मागील अंकात अकरा वर्षे छापले आहे, ते चौदा असे वाचावे.'

मास्तर त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी कचेरीत येऊन बसू लागले. स्टेन्सिलला त्यांनी परत हात लावला नाही. कार्डं मात्र तेच लिहीत, आणि समोर बसलेल्या माणसाला कधी "मुद्द्याचं बोला" म्हणत नसत. जूनच्या अंकापासून पत्रकाच्या तळाशी पत्रक काढणाऱ्यांची नावं यायला लागली. मास्तरांचं म्हणणं होतं की एकच नाव पुरे. महानंदानं त्यांचं ऐकलं नाही. आधी तिचं आणि मग मास्तरांचं, अशी दोन्ही तिनं आपल्या हातानं लिहिली.